राउटर आहे ना? मग पेनड्राइव्ह ठेवून द्या

खानापूरच्या घरात वर डेस्कटॉप, खाली लॅपटॉप, आणि एकेका फाइलीसाठी जिना चढायचा, हे आता थांबवा ताई. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले असले की पुरे. इंटरनेट बंद असलं तरी फाइली जातात. वीज गेली तर मात्र राउटर आणि डेस्कटॉप, दोन्हींना यूपीएस हवा.

विंडोजमध्ये आधी नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. नवखी माणसं इथंच अडकतात. मग डेस्कटॉपवर फाइल शेअरिंग सुरू करून एकच फोल्डर शेअर करा; अख्खा ड्राइव्ह कधीच नको.

आता लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन डेस्कटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांचा पत्ता) टाका. डेस्कटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) दिलं की तो कळतो. घरात बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ दिसला तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. केबल नीट बसली आहे का बघा. नाव-पासवर्ड डेस्कटॉपवरच्या खात्याचा द्यायचा, आणि तिथं पिन चालत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

अडलं की कुणीतरी 'फायरवॉलच (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी विंडोजची सुरक्षा) बंद करा' म्हणतंच. अजिबात ऐकू नका, त्यात फक्त फाइल शेअरिंगला परवानगी द्या.

लग्नाचे मोठे व्हिडिओ हलवायचे असतील तर वायफायवर विसंबू नका. कॅट ५ई ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिट, वेग देते. फक्त राउटरचं पोर्टही गिगाबिटचं आहे का, ते विचारून घ्या.