सव्हानाचं हॉटेल राहू द्या, आधी पोस्टात जा

वाचकाचं पत्र: आम्ही अटलांटाजवळ राहतो, एच-वन-बी व्हिसावर. कोल्हापूरहून आई-बाबा आलेत, वय ६९ आणि ७३. १५ ते १८ मार्च, तीन रात्री सव्हाना बघायचं ठरवतोय. जुन्या शहरातलं हॉटेल रात्रीला ४१० डॉलर पडतंय, बाहेर पूलरला १८०. कुठे राहावं? पुढच्या वर्षापासून हा प्रश्न येणार नाही, कारण गेल्या शनिवारी हिल्टन हेडला गेलो तेव्हा तिथल्या रिसॉर्टचे पॉइंट्स घेतले. किंमत २४,००० डॉलर, १० टक्के भरले, बाकीचं १० वर्षांचं कर्ज १६ टक्क्यांनी. मेंटेनन्स वर्षाला ११००. दरवर्षी एक आठवडा मिळेल. नाही वापरला तर भाड्याने देऊ, आणि भारतात परतताना विकून टाकू.

उत्तर: हॉटेलचं शेवटी सांगतो. आज मंगळवार आहे आणि तुमच्याकडे गुरुवारपर्यंतच वेळ आहे.

हिल्टन हेड साउथ कॅरोलायनात येतं. तुम्ही घेतलं ते टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा विकत घेतलेला हक्क. तिथल्या कायद्याप्रमाणे टाइमशेअरचा करार सही केल्यापासून ५ दिवसांत, कारण न सांगता आणि दंड न भरता रद्द करता येतो. पाचवा दिवस रविवार असेल तरच तो सोडतात. तुमचा पाचवा दिवस गुरुवार आहे. तुम्ही राहता त्या जॉर्जियात ही मुदत ७ दिवसांची आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

आज रात्रीच कागद काढा. छापील फाइल नसेल आणि टॅबलेटवर सह्या झाल्या असतील, तर पेन ड्राइव्ह किंवा ईमेलमध्ये करार असतो. सहीच्या आसपास ठळक अक्षरांत रद्द करण्याचं कलम आणि पत्ता दिलेला असतो. हा पत्ता बऱ्याचदा विक्री कार्यालयाचा नसतो, नीट बघून घ्या. पत्र चार ओळींचं पुरे: करार क्रमांक, सहीची तारीख, करारात आहेत ती सगळी नावं आणि ‘आम्ही हा करार रद्द करत आहोत, भरलेली रक्कम परत करावी’. दोघांनीही सही करा. पत्राचे फोटो काढून ठेवा आणि बुधवारी सकाळी पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह (पोचपावतीसह) पाठवा. डब्यात टाकू नका. खिडकीवर तारखेचा शिक्का मारलेली पावती मागून घ्या, पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

विकणाऱ्याला फोन करू नका. तो किंमत उतरवेल, जास्त पॉइंट्स देईल, ‘मॅनेजरशी बोलून सोमवारी कळवतो’ म्हणेल. सोमवारी मुदत संपलेली असेल. पहिले २४०० डॉलर कुठून गेले तेही तपासा. कित्येकदा त्याच टेबलावर तुमच्या नावाचं नवं क्रेडिट कार्ड काढून त्यावर रक्कम टाकतात आणि घेणाऱ्याला ते पहिलं बिल आल्यावर कळतं.

आता हिशेब. २१,६०० चं कर्ज १६ टक्क्यांनी म्हणजे महिन्याला साधारण ३६० डॉलरचा हप्ता. १० वर्षांत ४३,००० च्या वर, त्यात पहिले २४०० मिळवा. मेंटेनन्स वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर त्याचे आणखी १४,०००. एकूण ६०,००० डॉलर आणि राहायला मिळाल्या ७० रात्री. रात्रीला साडेआठशे! ज्या ४१० ला तुम्ही महाग म्हणताय, त्याच्या दुप्पट. रोखीने घेतलं असतं तरी साडेपाचशेच्या घरात गेलं असतं. शिवाय कर्ज फिटलं तरी मेंटेनन्स थांबत नाही.

भाड्याचं स्वप्न सोडा. जुने मालक आपला आठवडा मेंटेनन्स निघेल इतक्याच भावाने, कधी त्याहूनही कमी भावाने देतात, आणि तुम्हाला त्यांच्याशीच स्पर्धा करायची आहे. विक्रीची आशा तर त्याहून फोल. असे आठवडे ऑनलाइन एक डॉलरला विकायला असतात आणि तरी गिऱ्हाईक मिळत नाही, कारण घेणाऱ्याच्या गळ्यात मेंटेनन्स पडतो. एच-वन-बीवर नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. त्या वेळी हा हप्ता कोण भरणार? तुम्हाला हे घर म्हणून, गुंतवणूक म्हणून विकलं. हे आगाऊ पैसे भरलेलं हॉटेल आहे, तेही व्याजाने.

गुरुवार हुकलाच, तर ‘टाइमशेअरमधून सोडवतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. थेट रिसॉर्टला परत घेण्याबद्दल लेखी विचारा.

आता सव्हाना. तुमची तारीखच चुकली आहे. १७ मार्च म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे. त्या दिवशीची तिथली मिरवणूक देशातल्या सर्वांत मोठ्या मिरवणुकांपैकी एक असते, म्हणूनच हे भाव. गर्दीत सत्तरीच्या माणसांना बसायला बाकही मिळणार नाही. मार्चच्या शेवटी, सोमवार ते गुरुवार बघा. अझेलियाची झुडपंही तेव्हा फुललेली असतात.

आणि राहायचं जुन्या शहरातच. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प याने आखलेल्या या शहरातल्या २४ चौकांपैकी २२ आजही आहेत. दर दोन-तीन मिनिटांच्या चालीवर सावली आणि बाक. आई-बाबांना दुपारी खोलीवर पडायला जाता येणं हीच खरी सोय. पूलरहून रोज २०-२५ मिनिटं गाडी काढली की ती सोय गेली. हॉटेल वरच्या सपाट भागात घ्या. रिव्हर स्ट्रीट खाली नदीकाठी आहे, तिथले जिने उभे आणि वाट जहाजांतून आलेल्या ओबडधोबड दगडांची. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टनेच उतरावं.

खोलीच्या भावावर साधारण १५ टक्के कर आणि रात्रीला राज्याचे ५ डॉलर धरा. हॉटेलचं वॅले पार्किंग वेगळं लागतं. गाडी पालिकेच्या गॅरेजमध्ये ठेवा आणि ‘डॉट’ या शहरातल्या सेवेची फुकट बस वापरा, नदीपलीकडे जाणारी फेरीही फुकट आहे. टेलफेअर संग्रहालयाच्या एकाच तिकिटात तीन जागा बघता येतात. त्यातलं ओवेन्स-थॉमस घर आणि मागे गुलामांना ठेवायचे ती जागा चुकवू नका.

आई-बाबांचा व्हिजिटर विमा फिक्स्ड बेनिफिटचा आहे का, ते बघा. असेल तर इमर्जन्सीच्या एका भेटीला ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं बिल तुमचं. त्याऐवजी बिलाच्या प्रमाणात पैसे देणारा कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या.

आणि ‘फक्त ९० मिनिटं टाइमशेअरची माहिती ऐका, शहर दाखवणाऱ्या ट्रॉलीचं तिकीट अर्ध्या किमतीत’ असं कोणी सांगितलं, तर तिकीट पूर्ण पैसे मोजूनच घ्या.