‘मेक्सिकन रेड नी’ म्हणून घेतलेला टॅरंट्युला कोळी स्मिथी की हॅमोराई, हे कसं ओळखायचं?

तुम्ही जर्मनीत राहता, पिल्लू घेतलं तेव्हा डबीवर ‘ब्रॅकीपेल्मा स्मिथी’ लिहिलं होतं आणि आता कुणीतरी ते हॅमोराई असल्याचं सांगतंय. माझी पैज हॅमोराईवर.

कारण बाजारात बरीच वर्षं हॅमोराईच स्मिथी या नावानं विकला गेला. दोघांचे गुडघे नारिंगी, अंग काळं, दूरून पाहिलं तर जुळे भाऊ. २०१७ मध्ये मेंडोझा आणि फ्रँके या अभ्यासकांनी या प्रजातींची फेरतपासणी केली आणि गोंधळ बराचसा निवळला. हॅमोराई मेक्सिकोच्या हालिस्को, कोलिमा, मिचोआकान भागातला; स्मिथी त्याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला, गेरेरोकडचा. पण तुमचं पिल्लू पैदासकाराकडून आलंय, त्यामुळे गावावरून ओळख पटवायची सोय नाही.

आधी समोरून जबड्यांचा फोटो काढा. राखाडी जबड्यांवर दोन तपकिरी-गुलाबी पट्टे दिसले तर हॅमोराईची शक्यता वाढते. दिसले नाहीत तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळ्याच हॅमोराईंमध्ये ते उठून दिसत नाहीत. कात जवळ आली की रंगही मळकट होतात, तेव्हा फोटो कात टाकल्यानंतर काही दिवसांनी घ्या. पिल्लाच्या रंगावरून तर निवाडा करूच नका.

खरा पुरावा कातेत मिळतो. टाकलेली कात फेकू नका. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून ती भिजवा आणि पोटाचा भाग हलक्या हातानं उलगडा. मादी असेल तर श्वसनाच्या अवयवांच्या पुढच्या जोडीच्या मध्ये, आतल्या बाजूला, शुक्राणू साठवायची छोटी पिशवी दिसते. तिचा आकार दोन्ही प्रजातींत वेगळा असतो. मात्र मादी प्रौढ हवी आणि पाहणाऱ्याचा हात या कामात बसलेला हवा. नर निघाला तर प्रौढ झाल्यावर तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकाचे बल्ब, म्हणजे शुक्राणू पोचवणारे फुगीर अवयव, तपासतात.

तोवर काळजीत काही फरक पडत नाही. दोघेही जमिनीवरचे. बिळाजोगा मातीचा थर, पाण्याची वाटी, बुटकं घर. उंच पेटी नको. पडून पोट फुटलं की संपलं. कात टाकल्यावर सुळे पांढऱ्याचे काळे होईपर्यंत किडा घालू नका. पोटावरचे केस खाजकुइलीच्या कुसांसारखे. झाडले गेले की डोळ्यांत जातील, म्हणून झाकण उघडताना तोंड त्यावर नेऊ नका.

नाव नक्की नसेल तर जोडी मात्र लावू नका. दोन प्रजातींची सरमिसळ झालेली पिल्लं पुढे ‘शुद्ध’ म्हणून विकली जातात आणि मग कुणालाच काही ओळखता येत नाही. डबीवर ‘स्मिथी/हॅमोराई, अनिश्चित’ असं लिहायला लाज कसली? मला तर तीच चिठ्ठी जास्त विश्वासाची वाटते.

पुण्याला परतताना सोबत नेण्याबद्दलही विचारलंत. हा कोळी सामानात टाकून नेता येत नाही. स्मिथी १९८५ पासून सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, नंतर ब्रॅकीपेल्मा वंशातल्या सगळ्याच प्रजाती त्यात आल्या. म्हणजे तिकडून निर्यातीचा परवाना, इकडे आयातीची परवानगी, आणि आपल्या वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार नोंदणी. माझं ऐकाल तर तिथल्याच एखाद्या जाणत्या पाळणाऱ्याकडे द्या, कातेची पुडी आणि फोटोंसकट. मादी असेल तर ती वीस वर्षंही सहज जगते.