मीटरचा आकडा सांगा, पण मीटर कुठे ठेवलाय तेही सांगा

गेल्या अंकात जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघातावर लेख आला आणि नंतर इतकी पत्रं आली की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे ढकलून दिला, कारण काय तर मी बरीच वर्षं रेडिएशन मोजायच्या मीटरांबरोबर काढलीत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, काही पत्रांत प्रश्नच नव्हता नुसता राग होता, तोही वाचला. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : लेखात लिहिलंय की भूकंप झाल्याबरोबर अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. मग बंद पडलेली भट्टी वितळली कशी? की बंद झालीच नव्हती आणि आपल्याला थाप मारली?

थाप नाही, बंद झाली होती. ११ मार्च २०११ ला जमीन हलली आणि चालू असलेल्या तिन्ही भट्ट्यांमध्ये कंट्रोल रॉड, म्हणजे अणू फुटण्याची साखळी थांबवणाऱ्या कांड्या, आत गेल्या, ते काम अगदी चोख झालं. पण अणुभट्टी बंद म्हणजे गार नव्हे. लोक उपमा देतात की गॅस बंद केला तरी तवा तापलेला राहतो, पण ती उपमा अर्धीच आहे, तवा फक्त निवत जातो, इथे इंधनात तयार झालेली द्रव्यं फुटत राहतात आणि स्वतःच नवी उष्णता काढत राहतात, आणि ती थांबवायला कुठलंही बटण नाही. फुकुशिमाच्या २ आणि ३ नंबरच्या भट्ट्या प्रत्येकी २३८१ मेगावॅट उष्णता द्यायच्या. बंद केल्याच्या क्षणी त्यातली ६-७ टक्के शिल्लक असते, म्हणजे दीडशे मेगावॅटच्या आसपास. तासाभरात ती दीड टक्क्यावर येते पण तरी पस्तीसेक मेगावॅट झालेच की, आणि ते काढायला पाणी फिरवत ठेवावं लागतं, त्याला पंप लागतो, पंपाला वीज.

वीज गेली. बाहेरची लाइन भूकंपाने गेली, मग डिझेल जनरेटर चालू झाले, आणि पाऊण तासाने त्सुनामी आली ती १४-१५ मीटरची. हिशोब धरला होता ५.७ मीटरचा. जनरेटर आणि वीज वाटणारे पॅनल बहुतेक तळघरात, सगळं पाण्यात. मूळ कडा समुद्रापासून ३५ मीटर उंच होता, तो बांधकामाच्या वेळी कापून १० मीटरवर आणला होता, हे वाचलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. पुढे पाणी आटलं, इंधन उघडं पडलं, त्यावरच्या झिर्कोनियम धातूच्या आवरणाची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन झाला आणि टीव्हीवर आपण जे स्फोट बघितले ते त्या हायड्रोजनचे, अणुबॉम्बसारखे नव्हेत.

आता गंमत बघा, त्याच आवारात ६ नंबरच्या भट्टीचा एक जनरेटर हवेने गार होणारा होता आणि तळघरात नव्हता. तो एकटा चालू राहिला आणि त्याच्या जिवावर ५ आणि ६ दोन्ही वाचल्या. आणि ओनागावाचा प्रकल्प, जो भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होता, तो मुळातच उंचावर बांधलेला म्हणून तगला, आजूबाजूचे बेघर झालेले लोक तिथल्या जिममध्ये राहायला गेले. म्हणून "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, जनरेटर कुठे ठेवलाय?

प्रश्न : मला दोन लहान मुलं आहेत. फुकुशिमात शाळांसाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट चालेल असं ठरवलं होतं म्हणे. हा आकडा आला कुठून? खरंच चालतं का?

ताई, सिव्हर्ट म्हणजे शरीराला रेडिएशनचा किती डोस बसला त्याचं माप, आणि १००० मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १ मिलिसिव्हर्ट. हा हिशोब तुम्हाला कागदावर करून दाखवतो, कारण तिथल्या आयांनीही नेमका हाच कागद पुढे धरला होता.

एप्रिल २०११ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने सांगितलं की मैदानावर तासाला ३.८ मायक्रोसिव्हर्टपेक्षा कमी असेल तर मुलं नेहमीसारखी खेळू देत. ते ३.८ असं आलं : मूल दिवसाचे ८ तास बाहेर, १६ तास लाकडी घरात, आणि घरात बाहेरच्या ४० टक्केच पोचतं असं धरलं. म्हणजे १६ तास हे बाहेरच्या ६.४ तासांइतके. ८ आणि ६.४ मिळून १४.४. त्याला ३.८ ने गुणा, दिवसाचे साधारण ५४.७ मायक्रोसिव्हर्ट, त्याला ३६५ ने गुणा, झाले वर्षाचे २० मिलिसिव्हर्ट. गणितात चूक शून्य.

चूक गणिताच्या आधी आहे. २० हा रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या माणसांसाठीच्या वार्षिक सरासरी मर्यादेचा आकडा. त्या माणसाकडे बॅज असतो, तपासणी असते, पगार असतो आणि तो मोठा असतो. तेवढाच आकडा पहिलीतल्या पोराला लावला. शिवाय धुळीतून नाकातोंडात जातं ते यात धरलेलंच नाही. सरकारचेच सल्लागार प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी २९ एप्रिलला पत्रकारांसमोर रडत राजीनामा दिला. महिनाभर आईवडिलांनी धरून ठेवल्यावर २७ मे ला मंत्रालयाने शाळेपुरतं १ मिलिसिव्हर्टचं ध्येय ठेवलं आणि मैदानांवरची वरची माती खरवडून काढायला पैसे दिले.

"चालतं का" याचं सरळ उत्तर असं की १०० मिलिसिव्हर्टच्या वर कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आकडेवारीत दिसतं, त्याच्या खाली ते इतकं बारीक होतं की बाकीच्या कारणांतून वेगळं काढता येत नाही, म्हणून सावधगिरी म्हणून डोस तेवढा धोका असं धरून चालतात. निसर्गातूनच जगभरात सरासरी २.४ वर्षाला मिळतात, एका सीटी स्कॅनला ५ ते १० सहज होतात. तेव्हा २० म्हणजे मूल आजारी पडणारच असं मुळीच नाही. पण सीटी स्कॅन आपण सही करून घेतो आणि त्याचा काही उपयोग होतो, हे मैदान कोणी विचारून दिलं नव्हतं.

प्रश्न : अपघातानंतर अधिकारी म्हणतात "पातळी सामान्य", नेटवर कोणीतरी लाल रंगाचा नकाशा टाकतो. सामान्य माणसाने कोणाचं खरं मानायचं?

हा प्रश्न नऊ जणांनी विचारलाय. माझं म्हणणं, आधी कोणाचंच मानू नका, आधी विचारा की आकडा कुठला, कधीचा, जमिनीपासून किती उंचीवरचा. ही माहिती नसेल तर आकडा खरा असूनही आपल्याला फसवतो, आणि हे मी हवेत बोलत नाहीये.

अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड. अपघात २८ मार्च १९७९ चा. दोन दिवसांनी एका हेलिकॉप्टरने तासाला १२०० मिलिरेम (जुनं माप, म्हणजे १२ मिलिसिव्हर्ट) असं रीडिंग दिलं, ते रीडिंग अगदी बरोबर, पण ते थेट धुराड्याच्या तोंडावरचं होतं आणि वर निरोप जाताना ते प्रकल्पाबाहेरच्या हवेतलं आहे असं समजलं गेलं. त्या दिवशी गव्हर्नरनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांना निघायला सांगितलं आणि शेवटी गेले सुमारे १ लाख ४० हजार लोक.

तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधलं चेर्नोबिल, २६ एप्रिल १९८६, बरोब्बर उलटं. तिथल्या लोकांच्या हातातले मीटर तासाला ३.६ रोंटजेनपर्यंतच (हेही रेडिएशनचं जुनं माप) मोजणारे, काटा टोकाला जाऊन अडकला आणि वर कळवलं काय तर ३.६ रोंटजेन. वजनकाटा १० किलोपर्यंतचाच असेल आणि त्यावर हत्ती उभा केला तर हत्ती १० किलोचा होत नाही. मी नव्या पोरांना शिकवताना पहिलं हेच सांगायचो, स्केलच्या टोकाला गेलेलं रीडिंग हे रीडिंग नाहीच. शेजारच्या प्रिप्यात गावातले सुमारे ४९ हजार लोक ३६ तासांनंतर हलवले. आणि बाहेरच्या जगाला कळलं ते २८ तारखेला स्वीडनच्या फोर्समार्क प्रकल्पात, एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे अलार्म वाजला तेव्हा. आधी त्यांना वाटलं आपलंच काहीतरी गळतंय!

आणि फुकुशिमात तर मोजणारेच गप्प झाले. त्या प्रांतातल्या २४ कायमच्या मोजणी केंद्रांपैकी २३ बंद, काही त्सुनामीत वाहून गेली, बाकीच्यांची वीज किंवा लाइन गेली. वारा कुठे नेईल याचा अंदाज काढणारी स्पीडी नावाची कॉम्प्युटर यंत्रणा होती, तिचे नकाशे तयार होत होते पण लोकांसमोर पहिल्यांदा आले २३ मार्चला. तोपर्यंत नामिए गावचे लोक जीव वाचवायला वायव्येकडच्या त्सुशिमात जाऊन थांबले होते, आणि किरणोत्सारी ढग नेमका तिकडेच गेला, १५ मार्चला पाऊस आणि बर्फाबरोबर खाली बसला. म्हणजे ज्या नकाशाचा त्या लोकांना त्या एकाच दिवशी उपयोग होता तो टेबलावर पडून होता. कारण देण्यात आलं की भट्टीतून किती बाहेर पडलं हे माहीत नसल्याने आकडे भरवशाचे नव्हते. अहो आकडे नव्हते भरवशाचे, पण दिशा तर होती ना! नंतर इताते गावचे लोक, ३० किलोमीटरच्या पलीकडचे, त्यांना एप्रिल संपत आल्यावर सांगितलं की तुम्हीही निघा.

बरं नंतर जागोजागी नवे मीटर बसवले तर त्यातल्या ६७५ मीटरांत बॅटऱ्या अशा जागी ठेवल्या होत्या की रेडिएशन अडून रीडिंग दहाएक टक्के कमी येत होतं. हे २०१२ मध्ये मंत्रालयानेच मान्य केलं. यात कट वगैरे नाही, निव्वळ निष्काळजीपणा, पण आधीच विश्वास उडालेल्या माणसाला तुम्ही बॅटरीची गोष्ट सांगून बघा. २०१८ मध्ये आकडे खाली आले म्हणून सुमारे २,४०० मीटर काढून टाकायचं ठरलं तर लोक, त्यात आयाच पुढे, म्हणाल्या राहू देत. पुढच्या वर्षी तो बेत गुंडाळावा लागला.

प्रश्न : आयोडीनच्या गोळ्या घरात आणून ठेवू का? आयोडीनचं मीठ जास्त खाल्लं तर?

मीठ नको, प्लीज. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी दुकानं रिकामी केली होती मिठासाठी. एका गोळीत मोठ्या माणसासाठी १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं, तेवढं मिठातून मिळवायचं तर एका बैठकीत तीनेक किलो मीठ खावं लागेल, रेडिएशनच्या आधी मीठच नेईल. जखमेवर लावायचं आयोडीन तर तोंडाजवळही नेऊ नका.

गोळी फक्त थायरॉइड वाचवते आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून, सीझियमवर, म्हणजे अपघातात बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यावर, तिचा काडीचा उपयोग नाही. ढग यायच्या जरा आधी किंवा आल्यावर काही तासांत घेतली तरच, म्हणून सांगतील तेव्हाच घ्यायची. मुलांना सगळ्यात गरजेची. पोलंडने १९८६ मध्ये मॉस्कोच्या खुलाशाची वाट न बघता सुमारे १ कोटी मुलांना आयोडीन पाजलं. चेर्नोबिलच्या आसपास मात्र मुलं दूषित दूध पीत राहिली आणि थायरॉइड कॅन्सर वाढला तो मुख्यतः त्या दुधामुळे. आयोडीन १३१ आठ दिवसांत निम्मं होतं, दोनतीन महिने बाहेरचं ताजं दूध टाळलं असतं तरी पुष्कळ निभावलं असतं.

प्रश्न : पळायचं की घरात थांबायचं?

अगदी जवळ असाल आणि सांगितलं तर पळायचं. नाहीतर पहिले काही तास दारं-खिडक्या, पंखे, एसी बंद करून आत थांबणं बऱ्याचदा जास्त बरं, ढग डोक्यावरून जात असताना रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकणं सगळ्यात वाईट. आणि घरात म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याची तयारी वेगळी करा. फुकुशिमात एका हॉस्पिटलमधले आणि त्याच्या वृद्धाश्रमातले चाळीसहून जास्त लोक हलवाहलवीत, बसमध्ये तासन् तास बसून, औषधपाण्याविना गेले. त्या प्रांतात अशा धकाधकीने गेलेल्यांचा सरकारी आकडा २,३०० च्या वर आहे.

प्रश्न : फुकुशिमात टाक्यांत साठवलेलं दूषित पाणी गाळून समुद्रात सोडतायत त्याचं काय?

२४ ऑगस्ट २०२३ पासून सोडतायत. त्यात उरलेलं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, हे पाण्याच्याच रेणूत बसलेलं, गाळून निघत नाही. लिटरला १५०० बेकेरेलच्या (सेकंदाला किती अणू फुटतात त्याचं माप) खाली पातळ करून सोडतात, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची पातळी १०,००० आहे. मला त्या आकड्याची भीती वाटत नाही. पण २०१८ मध्ये प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीनेच कबूल केलं होतं की टाक्यांतल्या बहुतेक पाण्यात इतर द्रव्यंही मर्यादेपेक्षा जास्त राहिलीत आणि पुन्हा गाळावं लागेल, त्यामुळे मच्छीमार अजून संशयाने बघत असतील तर त्यांना अडाणी म्हणू नये.

प्रश्न : मी ऑनलाइन गायगर काउंटर (रेडिएशन मोजायचा छोटा मीटर) घेतलाय, सहा महिने रोज वहीत नोंद करतो. पाऊस पडला की रीडिंग दीडपट होतं! कुठेतरी अपघात लपवतायत का? भाजीही याने तपासतो. वहीची पानं सोबत जोडलीत.

काका, पावसात वाढणारच. हवेत रेडॉन नावाचा नैसर्गिक किरणोत्सारी वायू असतो, त्यापासून बनलेलं शिसं आणि बिस्मथ पावसाबरोबर खाली येतं. त्यांचं आयुष्य अर्ध्या तासाच्या आतबाहेर, म्हणून पाऊस थांबल्यावर दोनतीन तासांत रीडिंग पुन्हा जागेवर यायला हवं. तुमच्या वहीत तसंच येतंय, मी पानं बघितली. दुसऱ्या दिवशीही उतरलं नसतं तर मी तुम्हाला फोन केला असता.

भाजीचं मात्र सोडा. जपानने २०१२ मध्ये खाण्यासाठी किलोला १०० बेकेरेल सीझियमची मर्यादा ठेवली, तेवढं पकडायला शिशाच्या जाड डब्यात नमुना ठेवून सोडियम आयोडाइड किंवा जर्मेनियमचा डिटेक्टर लागतो. तुमचा मीटर खोलीतलंच रेडिएशन मोजतो, मेथीची जुडी समोर असो नसो.

वही चालू ठेवा पण. फुकुशिमानंतर आठवडाभरातच काही लोकांनी सेफकास्ट नावाने काम सुरू केलं, गाडीच्या खिडकीला मीटर बांधून रस्त्यामागून रस्ते मोजले आणि सगळे आकडे कोणालाही फुकट वापरता येतील असे ठेवले, त्यातून एकाच गल्लीत दोन टोकांना किती फरक असतो ते दिसलं. पन्हाळीच्या खालची माती आणि रस्त्याचा मध्य यात कितीतरी पट फरक पडतो. तेव्हा मीटर रोज त्याच जागी, जमिनीपासून १ मीटरवर धरा, वेळ आणि पाऊस लिहा. हो आणि एक राहिलंच, सहा महिन्यांच्या सगळ्या पानांवर नुसतं ०.१२, ०.११, ०.१८ लिहिलंय, ते मायक्रोसिव्हर्ट आहे की आणखी काही ते कुठेच लिहिलेलं नाही. आजच पहिल्या पानावर लिहून टाका.