एचआयव्ही रोखणारी रोजची गोळी घेतली, तर इतर गुप्तरोगही टळतात का?

तुमचे संबंध पुरुषांशी येतात, एचआयव्ही टाळण्यासाठी ‘प्रेप’ ही रोजची गोळी सुरू करण्याचा तुमचा विचार आहे, आणि त्याच गोळीने परमा, सिफिलिस असे आजारही टळतात का, नसल्यास संबंधानंतर डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी लैंगिक संसर्गांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. प्रेप एचआयव्हीला फार चांगली रोखते, पण फक्त एचआयव्हीलाच.

या गोळीतील टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही औषधे रोजच्या सेवनाने पेशींमध्ये आधीच साठलेली असतात, त्यामुळे विषाणू पेशीत शिरला तरी त्याला आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करता येत नाही आणि संसर्ग मूळ धरत नाही. परमा, सिफिलिस आणि क्लॅमिडिया हे जिवाणूंचे आजार असल्याने त्यांच्यावर या औषधांचा काहीही परिणाम होत नाही. गोळी नेमाने घेणे किती महत्त्वाचे आहे, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रेपच्या ‘आयप्रेक्स’ नावाच्या चाचणीतून दिसले. गोळी दिलेल्या संपूर्ण गटात संसर्ग 44 टक्क्यांनी कमी झाला, पण ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले त्यांच्यात धोका 90 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. संबंध क्वचित येत असतील, तर पुरुषांशी संबंध येणाऱ्या पुरुषांसाठी दुसरी पद्धतही आहे: संबंधापूर्वी 2 ते 24 तासांत दोन गोळ्या, त्या गोळ्या घेतल्यापासून 24 तासांनी एक आणि आणखी 24 तासांनी एक. स्त्रियांसाठी मात्र ही पद्धत नाही, त्यांनी रोजच गोळी घ्यायची असते.

ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करू नका, असे मी कळकळीने सांगतो. सुरुवात करण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी झालीच पाहिजे, आणि गेल्या महिनाभरात ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ असे काही झाले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे, कारण अगदी नवा संसर्ग साध्या चाचणीत निसटू शकतो. संसर्ग आधीच झालेला असताना केवळ या दोन औषधांवर राहिल्यास विषाणू औषधांना दाद देईनासा होतो आणि पुढचा उपचार अवघड होतो. टेनोफोविरचा ताण मूत्रपिंडावर येऊ शकतो, म्हणून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासावे लागते. हेपटायटिस बीची तपासणी तर अनेक जण विसरतात: हे औषध त्या विषाणूलाही दाबून ठेवते, त्यामुळे तो संसर्ग असलेल्या व्यक्तीने गोळी अचानक थांबवली, तर यकृताचा आजार उसळू शकतो. अशा व्यक्तीने वर सांगितलेली अधूनमधून घेण्याची पद्धतही वापरू नये. गोळी सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची आणि त्यासोबत सिफिलिस, परमा व क्लॅमिडियाची तपासणी करावी. यातले बरेच संसर्ग, विशेषतः घशातले आणि गुदद्वारातले, काही लक्षण न दाखवता राहतात. केवळ लघवी तपासून ते सापडत नाहीत, त्या जागेचा नमुनाही द्यावा लागतो.

आता डॉक्सिसायक्लिनविषयी. सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल येथे झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संबंधानंतर 72 तासांच्या आत 200 मिलिग्रॅमचा एक डोस घेणाऱ्यांमध्ये जिवाणूजन्य लैंगिक संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाले. सिफिलिस आणि क्लॅमिडियावर त्याचा उपयोग ठळक दिसतो, परम्यावर तितका भरवसा ठेवता येत नाही, कारण त्याचे अनेक जिवाणू या गटातील औषधांना मुळातच दाद देत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2024 मध्ये हा पर्याय सुचवला, तोही प्रामुख्याने गेल्या वर्षभरात असा संसर्ग होऊन गेलेल्या, पुरुषांशी संबंध येणाऱ्या पुरुषांसाठी आणि ट्रान्सजेंडर स्त्रियांसाठी. तुम्हाला असा संसर्ग होऊन गेला असेल, तर डॉक्टरांशी बोलून हा मार्ग घेणे योग्य ठरेल. तसे नसेल, तर प्रत्येक संबंधानंतर प्रतिजैविक घेण्याची सवय लावू नये, असे माझे मत आहे. आपल्याकडे प्रतिजैविकांचा बेसुमार वापर आधीच फार झाला आहे. निरोध या सर्व आजारांचा धोका एकदम कमी करतो, म्हणून गोळी चालू असतानाही तो सोडू नये. हेपटायटिस बीची लस झालेली नसेल तर ती घ्यावी आणि एचपीव्ही या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूच्या लसीबद्दल वयाचा विचार करून डॉक्टरांना विचारावे.

रोज गोळी घेणे जमत नसलेल्यांसाठी वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविर हे इंजेक्शन आले आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 मुली व तरुणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. त्याच्या स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे, म्हणून मला याबद्दल मोठी आशा वाटते.

हे वाचताना गेल्या तीन दिवसांतला एखादा असुरक्षित संबंध आठवत असेल, तर प्रेपचा विचार बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीचे औषधोपचार देणाऱ्या विभागात) जा. 72 तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, ‘पेप’ हा 28 दिवसांचा वेगळा औषधोपचार सुरू करता येतो. जवळचे केंद्र 1097 या मोफत क्रमांकावर कळते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.