डंपर-एक्स्कॅव्हेटरच्या देखभालीत साध्या हत्यारांनीच हाताला एवढी इजा का होते?

मुख्य कारण हत्यार नसून घट्ट बसलेला नट आहे. पान्याला पाइप लावला की गणित बदलतं: 50 किलोचा जोर 1 मीटरवर साधारण 490 न्यूटन-मीटर टॉर्क (नट फिरवणारा जोर) देतो, 2 मीटरवर दुप्पट. पान्याचा जबडा तेवढ्यासाठी बनलेलाच नसतो. तो फाकतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि बोटं थेट ट्रॅक फ्रेमवर (एक्स्कॅव्हेटरच्या साखळी-पट्ट्याच्या लोखंडी चौकटीवर) आदळतात. पाइपऐवजी जास्त क्षमतेचा पाना किंवा टॉर्क मल्टिप्लायर (गिअरने टॉर्क वाढवणारं हत्यार) घ्या. पाना स्वतःकडे ओढा; ढकलावाच लागला तर उघड्या तळव्याने. अॅडजस्टेबल पान्यात जोर स्थिर जबड्यावर आला पाहिजे.

घणाचा पाना (ज्यावर घण मारून नट सोडवतात तो जाड पाना) हाताने धरून दुसऱ्याला घण मारायला लावणं, हे तर बंदच करा. पाना दोरीने किंवा लांब दांड्याच्या होल्डरने धरा.

बकेटची पिन कडक पोलादाची असते. तिच्यावर थेट हातोडा मारला तर कपची उडून डोळ्यात किंवा मनगटात घुसते. मध्ये पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) ठेवा, चष्मा लावा. छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलं असेल तर आधी ग्राइंडरवर घासा. आणि पिन-बुशची (पिन आणि ती ज्यात बसते ती नळी) भोकं जुळलीत का हे बोट घालून पाहू नका, बार वापरा. हातमोजे इथे बोट वाचवत नाहीत.