आधी फिनॉक्सीइथॅनॉल शोधा

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन्ही वस्तूंच्या मागच्या बाजूचे फोटो मोठे करून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिले. नागपूरचं ऊन, स्कूटीवर रोज जाऊन-येऊन तासभर, दोन्ही गालांवर वांग, आणि समोर दोन पर्याय. पहिलं व्हिटॅमिन सी मॉइश्चरायझर, एसपीएफ १५. दुसरं व्हिटॅमिन सी सनस्क्रीन, एसपीएफ ५०, पीएपुढे (ही यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) चार अधिक चिन्हं, आणि किंमत जवळपास दुप्पट. दोन्हीत व्हिटॅमिन सी आहेच, मग स्वस्तातलं का नको, असं तुम्ही विचारलंय.

दुसरं घ्या. मात्र त्याचं कारण व्हिटॅमिन सी नाही.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे सगळ्यात जास्त असलेला पहिला. हा क्रम एक टक्क्यापर्यंतच पाळायचा असतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मग कसेही मागेपुढे लावता येतात. आता फिनॉक्सीइथॅनॉल नावाचं एक साधं परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) बहुतेक क्रीममध्ये असतं आणि ते एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. त्यामुळे यादीत त्याच्यानंतर आलेली प्रत्येक गोष्ट एक टक्का किंवा त्याहून कमी आहे असं समजायला हरकत नाही. मी कुठलीही ट्यूब हातात घेतली की पहिल्यांदा हाच शब्द शोधते.

तुमच्या मॉइश्चरायझरमध्ये सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट आहे ते फिनॉक्सीइथॅनॉलच्या नंतर, सुगंधाच्या अगदी आधी. मुरुमांवर या घटकाचा उपयोग दिसला तो पाच टक्के प्रमाणात. इथे फार तर एक टक्का, कदाचित त्याहून कितीतरी कमी. त्याच्या शेजारचा संत्र्याचा अर्क म्हणजे व्हिटॅमिन सी नव्हे. संत्रं नागपूरचं असलं तरीही नव्हे! डब्यावर फळाचं चित्र काढता यावं एवढंच त्याचं काम.

दुसऱ्या ट्यूबमध्ये थ्री-ओ-एथिल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आहे आणि ते फिनॉक्सीइथॅनॉलच्या आधी आलंय. म्हणजे थोडं तरी मनापासून घातलेलं दिसतंय. तरीही केवळ त्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका, असंच मी सांगितलं असतं.

कारण असं की ज्या व्हिटॅमिन सीबद्दल सगळ्यात भक्कम अभ्यास आहे ते म्हणजे शुद्ध एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, आणि ते क्रीममध्ये सुखाने नांदत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर तपासून दाखवलं की ते त्वचेत शिरायला पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं जास्त आम्ल) साडेतीनपेक्षा कमी लागतो. वीस टक्क्यांपर्यंत शोषण वाढत जातं, त्यापुढे वाढवून उपयोग नाही. एकदा त्वचेत मुरलं की निम्मं व्हायला सुमारे चार दिवस घेतं. आता नेहमीच्या क्रीमचा पीएच साधारण पाच-सहाच्या आसपास असतो. तिथे हे आम्ल हवा आणि उजेड लागून लवकर पिवळं, मग तपकिरी पडतं. झिंक ऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनमध्ये तर जमणंच कठीण, कारण झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. म्हणून कंपन्या त्याची शांत स्वभावाची भावंडं घालतात: एथिल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, सोडियम किंवा मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, तेलात विरघळणारं टेट्राहेक्झिलडेसिल अ‍ॅस्कॉर्बेट. ती टिकतात, झोंबत नाहीत. पण त्यांच्याबद्दलचा पुरावा पातळ आहे. अ‍ॅस्कॉर्बिल पाल्मिटेट दिसलं तर ते बहुधा क्रीममधलं तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं असतं, तुमच्या गालासाठी नाही.

आता खरा मुद्दा. व्हिटॅमिन सी ऊन अडवत नाही. अडवण्यातून जे निसटतं त्याने त्वचेत होणारी मोडतोड ते काही प्रमाणात सावरतं. अडवण्याचं काम यूव्ही फिल्टरांचं, म्हणजे उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण थोपवणाऱ्या घटकांचं, म्हणून तुलना तिथे करायची.

मॉइश्चरायझरमध्ये दोनच फिल्टर आहेत, ऑक्टिनॉक्सेट आणि अ‍ॅव्होबेन्झोन (यादीत ते इथाइलहेक्झिल मेथॉक्सीसिनामेट आणि ब्युटिल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन अशा लांबलचक नावांनी आहेत, म्हणून तुमच्या लक्षात आले नसतील). ही जोडी वाईट. उन्हात दोघं एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि दोघांचीही ताकद घसरते. अ‍ॅव्होबेन्झोनला सांभाळून घेणारं ऑक्टोक्रिलीन या यादीत नाही. वांग असलेल्या माणसाला यूव्हीएपासून (त्वचेत खोल शिरणारे अतिनील किरण; त्वचा भाजतात ते मुख्यतः यूव्हीबी) संरक्षण सगळ्यात जास्त हवं, आणि नेमका यूव्हीए अडवणारा फिल्टरच इथे ढेपाळतो. डब्यावर 'पीए' ही खूण नाही याचंही मग नवल वाटत नाही.

सनस्क्रीनमध्ये बिस-इथाइलहेक्झिलऑक्सीफिनॉल मेथॉक्सीफिनिल ट्रायझीन, डायइथाइलअमिनो हायड्रॉक्सीबेन्झॉइल हेक्झिल बेन्झोएट आणि इथाइलहेक्झिल ट्रायझोन आहेत. नावं वाचताना जीभ अडखळते, पण तिन्ही उन्हात टिकणारे आहेत. पहिला यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही सांभाळतो, दुसरा यूव्हीए, तिसरा यूव्हीबी. सुगंधही नाही. यादी पाहून मला खरंच बरं वाटलं.

एसपीएफच्या आकड्याबद्दल. १५ म्हणजे सुमारे ९३ टक्के यूव्हीबी अडतात आणि ५० म्हणजे ९८. फरक छोटा वाटतो, पण उलट बाजूने मोजा: एकात सात भाग आत येतात, दुसऱ्यात दोन. शिवाय हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर लावून मोजलेले असतात. चेहरा आणि मान धरून तो साधारण सव्वा ग्रॅम होतो, म्हणजे दोन बोटांवर लांब रेघ काढावी तेवढा. मॉइश्चरायझर एवढं कोणी लावत नाही. वाटाण्याएवढं घेतो, गालावर पसरतो. त्यामुळे एसपीएफ १५ प्रत्यक्षात १५ उरतच नाही.

मी हे चुकून शिकले. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला वांग आला. मी दोन वर्षं महागडं सनस्क्रीन इमानाने लावलं, तरी डाग हलेना. मग लक्षात आलं की माझी पन्नास ग्रॅमची ट्यूब सहा महिने पुरतेय. दिवसाला पाव ग्रॅमच्या जरा वर! रोज एकदा नीट लावली तर ती चाळीस दिवसांत संपायला हवी होती. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

वांगासाठी आणखी एक गोष्ट, जी तुमच्या दोन्ही यादींत नाही: आयर्न ऑक्साइड. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत साधा दिसणारा उजेडसुद्धा, विशेषतः त्यातला निळा भाग, डाग गडद करतो, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. रंगछटा असलेल्या सनस्क्रीनमधलं आयर्न ऑक्साइड अडवतं. पुढची ट्यूब घ्याल तेव्हा तशी बघा. तोपर्यंत स्कूटीवर तोंडाला बांधता तो दुपट्टा सोडू नका, दाट विणीचा घ्या. फक्त तो घासून सनस्क्रीन पुसलं जातं, म्हणून ऑफिसातून निघताना पुन्हा लावा.

व्हिटॅमिन सी हवंच असेल आणि खिशाला जमत असेल, तर वेगळं सीरम घ्या. दहा ते पंधरा टक्के एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड असेल तर उत्तम. त्याच ड्यूकच्या चमूने २००५ मध्ये दाखवलं की पंधरा टक्के सी आणि एक टक्का ई यांत अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड घातलं तर उन्हाने होणाऱ्या मोडतोडीपासूनचं संरक्षण चार पटींवरून आठ पट होतं. तोही प्रयोग डुकराच्या त्वचेवरच, हे लक्षात ठेवा. सकाळी सीरम, ते सुकलं की वर सनस्क्रीन. गडद बाटली, तीही लहान घ्या. नागपूरच्या मे महिन्यात फ्रिजच्या दारात ठेवा, आणि चहासारखा रंग आला की टाकून द्या. नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३चा एक प्रकार) असलेलं काही लावत असाल तर तेही सोबत चालतं, घाबरू नका. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर सनस्क्रीन. यात मला तिळमात्र शंका नाही.

लिंबू मात्र गालाला लावू नका, कोणी कितीही आपुलकीने सांगितलं तरी. लिंबाच्या सालीतल्या तेलावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन आणखी काळी पडते. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी 'डाग जाणारी' क्रीमही नको. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ आणि लाल होते. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

ट्यूब उघडाल त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख लिहा आणि संपली की कितवा दिवस होता ते मला कळवा.