प्रश्न वाचकांचे : जर्मन शेफर्डची घराणी

प्रश्न : एक विक्रेता लाल-काळ्या रंगाचे, उतरत्या पाठीचे पिल्लू ‘अस्सल जर्मन’ म्हणून, तर दुसरा गडद करडे पिल्लू ‘चेक’ म्हणून देऊ करतो. या दोन वेगळ्या जाती आहेत काय? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाहीत. ही एकाच जर्मन शेफर्ड जातीची दोन घराणी, म्हणजे पैदाशीच्या शाखा आहेत. या जातीचा आरंभ १८९९ मध्ये जर्मन घोडदळ अधिकारी माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी नोंदवलेल्या होरांड या कुत्र्यापासून मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि पैदाशीचे हेतूही वेगळे झाले : पश्चिमेकडील प्रदर्शनांत लाल-काळा रंग व मागे उतरत जाणारी पाठ पसंत केली गेली, तर पूर्व जर्मनीत आणि चेकोस्लोव्हाकियात सीमेवरील पहाऱ्यासाठी गडद, रुंद डोक्याची, तुलनेने सरळ पाठीची कुत्री निवडली गेली. अमेरिकी प्रदर्शनांतील कुत्र्यांच्या मागच्या पायांचा कोन आणखी तीव्र असतो.

चेक घराण्याचे पिल्लू देखणे असले, तरी त्याला रोज काम लागते. ते न मिळाल्यास ते सोफ्याचा कोपरा कुरतडणार, हे गृहीत धरा. फ्लॅटमधील कुटुंबाला मी ते सहसा सुचवत नाही. कोणतेही पिल्लू घेताना रंगापेक्षा आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहावेत, कारण खुब्याचा सांधा सदोष असणे हा या जातीचा जुना विकार आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा फिरवणे पहाटेच उरकावे. मात्र दुहेरी केस (वरचे राठ व आतले मऊ) भादरू नयेत, कारण तेच त्वचेला उन्हापासून वाचवतात.